'सर, जाऊ नका' म्हणायचा आपल्याला काय हक्क?

परवा रात्री आमच्या एटापल्लीच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला. 'आपल्या ताईला बाहेरून ऑफर आली आहे. सगळ्यांनी मिळून तिला सांगू या, ताई, जाऊ नको, एटापल्लीला तुझी गरज आहे.' खाली जोडलेले हात, लाल बदाम, तिरंगा. तासाभरात साठेक जणांनी तोच मेसेज कॉपी करून पुन्हा टाकला. ग्रुपमध्ये 140 जण आहेत. त्यातले आज एटापल्ली तालुक्यात राहणारे मी बोटांवर मोजले. 31 भरले. बाकीचे नागपूर, पुणे, हैदराबाद, एक जण दुबई. मेसेज सुरू करणारा बंगळुरूत असतो आणि गेल्या दोन दिवाळ्यांना गावी आलेला नाही.

ताई आमच्याच मैदानावर घडली. मला दोन वर्षं ज्युनिअर, पण पोरी तिला ताई म्हणतात म्हणून सगळं गाव म्हणतं आणि मीही म्हणतो. बी.पी.एड. करून ती परत आली. तालुक्यातल्या एका निवासी शाळेत तासाच्या हिशेबानं शिकवते आणि तास संपल्यावर, म्हणजे ज्या वेळेचे पैसे कुणी देत नाही त्या वेळात, मुलींचा कबड्डी संघ बांधते. तीन वर्षांत त्या संघानं विभागीय स्पर्धेपर्यंत मजल मारली. आता पश्चिम महाराष्ट्रातल्या एका व्यावसायिक अकादमीनं तिला सहायक प्रशिक्षक म्हणून बोलावलंय. ठरलेला पगार, राहायला खोली, वर्षाचा लेखी करार. ती अजून विचारच करतेय. तेवढ्यात आपण 140 जण तिच्या दारात जाऊन बसलो.

हा लेख त्या ग्रुपसाठी आहे. आणि मी काही शहाण्याच्या खुर्चीवरून लिहीत नाहीये. असाच मेसेज 2022 च्या उन्हाळ्यात मी स्वतः लिहिला होता, आणि तो फळाला आला होता.

तेव्हा ऑफर होती सरांना. सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. संस्थेचंही लिहीत नाही, कारण तिच्या जागी दुसरी कुठलीही ठेवा, गोष्ट तीच राहते. सर शारीरिक शिक्षण शिकवायचे, तासिका तत्त्वावर. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. जेवढे तास शिकवले तेवढ्यांचंच मानधन, तेही बिल मंजूर होईल तेव्हा. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, परीक्षेचा महिना, सगळं कोरडं. दरवर्षी नवा आदेश. आदेश जुलैत येतो की सप्टेंबरात, हे कुणाच्या हातात असतं ते मला आजही कळलेलं नाही. मे महिन्यात सर तेंदूपत्ता संकलन केंद्रावर हिशेब लिहायला जायचे. 70 पानांचा एक पुडा, अशा पुड्यांच्या ओळीच्या ओळी मोजत उन्हात उभे राहायचे. जूनमध्ये परत मैदानावर.

मैदान म्हणजे माती. मॅट आम्ही फक्त टीव्हीवर पाहिली. फक्की संपली की सर स्वतःच्या पैशानं आणायचे, आणि तीही संपली की चुलीतली राख. मुली आसपासच्या माडिया पाड्यांतून आलेल्या. स्पर्धेला चंद्रपूर-नागपूरला न्यायचं तर बापाची परवानगी लागायची, आणि ती काढायला सर मोटारसायकलनं पाड्यावर जाऊन माडियात बोलत बसायचे, कधी कधी रात्र होईपर्यंत. आलापल्लीच्या स्टँडवर पहाटेच्या एसटीसाठी थांबलेल्या त्या बारा मुली, त्यांच्या पिशव्या आणि मधे शिट्टी गळ्यात घातलेले सर. आमच्या बॅचच्या प्रत्येकाच्या डोक्यात हे चित्र आहे.

मी खेळण्यात कच्चा होतो. चढाईला गेलो की रेषेवरूनच परत यायचो. सरांनी मला हाकललं नाही, गुणलेखक केलं. चढाई, पकड, बोनस, लोण, सगळं एका कागदावर, चालत्या सामन्यात, खाडाखोड न करता. आज मी हिंजवडीत बसून दुसऱ्यांचा डेटा नीट लावून देण्याचे पैसे घेतो. त्या धंद्याची सुरुवात त्या कागदावर झाली.

2022 मध्ये एका व्यावसायिक संघाच्या युवा अकादमीनं सरांना बोलावलं. त्यांच्या तासिकेच्या चांगल्या महिन्यापेक्षा चौपट पगार होता, बाराही महिने. बातमी फुटली आणि आमच्या ग्रुपवर तो प्रकार सुरू झाला. मी चार परिच्छेदांचा मेसेज लिहिला. भाषा चांगली होती, मला कौतुकही आलं. सर, तुम्ही आमचं मैदान आहात, वगैरे. शेवटी लिहिलं, 'तुम्ही गेलात तर आम्ही पोरके होऊ.' हे लिहिताना मी पुण्यात होतो आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीच्या ऑफर लेटरवर सही केली होती.

सरांचा फोन आला. म्हणाले, "वाचलो तुझा मेसेज. बरा लिवला आहेस." मग थोडं थांबून, "नाही जात बाप्पा."

आम्ही आनंद साजरा केला. गावात सत्कार झाला, शाल आणि श्रीफळ. भाषणात एक पुढारी त्यागावर बोलले. पुढच्या वर्षी तासिकेचा आदेश उशिरा आला. त्याच्या पुढच्या वर्षी आलाच नाही. सर आज खाणीच्या रस्त्यावर एका कंत्राटदाराकडे टिप्परच्या फेऱ्या लिहितात. सुरजागडच्या लोहखनिजाचे टिप्पर आमच्या रस्त्यावरून कसे धावतात हे गावाकडच्यांना सांगायला नको. किती गेले, किती आले, सर वहीत रेघा मारतात. गुणलेखकाचं काम.

म्हणजे सर व्यावसायिक झाले नाहीत आणि प्रशिक्षकही राहिले नाहीत. आपण त्यांना थांबवलं तेव्हा कशासाठी थांबवलं, हे आपल्यापैकी एकानंही स्वतःला विचारलं नव्हतं.

आता जरा माझ्या धंद्याकडे या. सहा वर्षांत मी तीन कंपन्या बदलल्या. प्रत्येक वेळी घरी पेढे वाटले गेले. आमच्याकडे याला 'स्विच' म्हणतात, आणि जो तीन वर्षं स्विच करत नाही त्याच्याकडे लोक दयेनं बघतात. मी एटापल्ली सोडली तेव्हा तर माझा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लागला होता. मी गेलो ती प्रगती. सर निघाले तर गद्दारी. तालुक्याला माझ्यासारख्या इंजिनिअरची गरज नव्हती का? होती की. पाण्याची योजना, रस्ता, नेटवर्क, सगळं अजून वाट बघतंय. पण मला कुणी 'जाऊ नको' असा मेसेज केला नाही. आपण निष्ठा मागतो ती नेमकी ज्याला आपण काही देत नाही त्याच्याकडे.

माझा क्लायंट अमेरिकेत असतो. जून 2024 मध्ये एका रात्रीच्या कॉलवर तिकडची मंडळी कामाचं सोडून बास्केटबॉलवर बोलत बसली होती. कनेटिकट विद्यापीठाच्या कॉलेज संघाचे कोच डॅन हर्ली यांना लॉस एंजेलिस लेकर्सनं बोलावलं होतं, सहा वर्षांचे सुमारे 7 कोटी डॉलर. हर्ली यांनी 2023 आणि 2024, लागोपाठ दोन वर्षं कॉलेजचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं होतं. त्यांनी लेकर्सना नाही म्हटलं. मला वाटलं, बघा, तिकडेही आमच्या सरांसारखे लोक आहेत. महिन्याभरात कळलं की विद्यापीठानं त्यांच्याशी सहा वर्षांचा नवा करार केला, 5 कोटी डॉलरचा. थांबण्याचीसुद्धा किंमत असते, आणि तिथे ती मोजली जाते.

त्याहून जुनी गोष्ट मला जास्त लागली. 2004 मध्ये याच लेकर्सनी ड्यूक विद्यापीठाच्या माइक शशेव्हस्कींना, ज्यांना सगळे 'कोच के' म्हणतात, बोलावलं होतं. पाच वर्षांचे 4 कोटी डॉलर. तेव्हा ड्यूकच्या इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्यानं त्यांना ईमेल लिहिला, की मला तुमच्या संघासाठी ओरडायचंय, जाऊ नका. कोच के थांबले, आणि त्या ईमेलबद्दल बोलताना त्यांचा गळा दाटून आला. हे वाचलं तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. इंजिनिअरिंगच्याच पोरानं पाठवलेला मेसेज, आणि कोच थांबला. मग फरक दिसला. ड्यूकनं त्याआधीच, 2000 मध्ये, आपल्या मैदानाला त्यांचं नाव दिलं होतं. पगार, मदतनीस, वसतिगृह, प्रवास, सगळं विद्यापीठाच्या अंगावर होतं. त्या पोराच्या ईमेलला मागे आधार होता. माझ्या मेसेजच्या मागे राखेनं मारलेल्या रेषा होत्या.

अमेरिकेचं उदाहरण दिलं की कुणीतरी म्हणणारच, तिकडचं इकडे सांगू नकोस. ठीक आहे, आपल्याकडे बघू.

थांबलेल्या प्रशिक्षकांचा आपला आदर्श म्हणजे रमाकांत आचरेकर. शारदाश्रमची पोरं, शिवाजी पार्क, सचिन, कांबळी, आमरे. 1990 चा द्रोणाचार्य, 2010 ची पद्मश्री. आपण ही गोष्ट सांगताना एक ओळ नेहमी गाळतो. आचरेकर सरांना स्टेट बँकेत नोकरी होती. महिन्याचा पगार ठरलेला होता, म्हणून ते मैदानावर आयुष्य घालवू शकले. त्यांची माया खरी, शिस्त खरी, पण घर मायेवर चालत नव्हतं. आणि 2 जानेवारी 2019 ला ते गेले तेव्हा शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करायचंसुद्धा सरकारकडून राहून गेलं. कारण काय सांगितलं, तर संवादात राहिलेली त्रुटी. त्यागाचे गोडवे गाणाऱ्यांचा हिशेब हा असा असतो.

आता गेलेल्यांकडे बघू. चंद्रकांत पंडित आपल्या विदर्भाला माहीत आहेतच. त्यांच्या हाताखाली विदर्भानं 2017-18 ची रणजी जिंकली, इंदूरला दिल्लीला हरवून. त्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी सिव्हिल इंजिनिअर, हे आमच्या कॉलेजात आम्ही एकमेकांना किमान शंभर वेळा सांगितलं असेल. पुढच्या हंगामात पुन्हा रणजी. मग 2020 मध्ये पंडित मध्य प्रदेशात गेले आणि 2022 ला त्यांनाही पहिली रणजी मिळवून दिली, अंतिम फेरीत मुंबईला, म्हणजे स्वतःच्याच जुन्या संघाला हरवून. ज्या बंगळुरूच्या मैदानावर 1999 मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते, त्याच मैदानावर.

विदर्भ सोडून गेले म्हणून नागपुरात कुणी त्यांना गद्दार म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. का? कारण विदर्भानं त्यांना मोबदला देऊन, करार करून आणलं होतं. करार संपला, माणूस मोकळा. ज्याला पैसे दिले त्याला आपण सहज सोडतो, ज्याला दिले नाहीत त्याला मात्र प्रेमानं बांधून ठेवतो.

पंडितांची गोष्ट आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. 2012 च्या सुमारास त्यांची शाहरुख खानशी भेट झाली होती, कोलकाता नाइट रायडर्ससाठी. परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली काम करायला मन तयार झालं नाही, असं त्यांनीच नंतर सांगितलं. दहा वर्षांनी, ऑगस्ट 2022 मध्ये, ते त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. 2023 मध्ये संघ सातवा आला, 2024 मध्ये विजेता, 2025 मध्ये आठवा, आणि जुलै 2025 मध्ये वाटा वेगळ्या झाल्या. विजेतेपदाचं श्रेय बहुतेकांनी मेंटॉर गौतम गंभीरच्या पदरात टाकलं. संघातून खेळून गेलेल्या डेव्हिड वीझानं तर उघड सांगितलं की पंडितांची लष्करी शिस्त परदेशी खेळाडूंना जाचायची. रणजीत हीच शिस्त गुण होती. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला घडवणं आणि कोटींच्या करारावर आलेल्या तयार खेळाडूला सांभाळणं हे दोन निरनिराळे धंदे आहेत. तेव्हा 'प्रो'मध्ये जाणं म्हणजे वरच्या पायरीवर जाणं, असंही मी ताईला सांगणार नाही. बास्केटबॉलचीच यूबीए लीग आपल्याकडे 2015 ला गाजावाजा करत आली आणि 2017 नंतर भरलीच नाही. कबड्डीत पैसा आलाय हे खरं. 2014 च्या प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू 12 लाख 80 हजारांना गेला, 2023 मध्ये पवन सेहरावत 2 कोटी 60 लाखांच्या वर. पण तो पैसा पुरुषांच्या खेळात. मुलींसाठी 2016 मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली, आणि तो प्रयोग तिथेच राहिला. ताई ज्या मुली घडवेल त्यांच्यापुढे लिलाव नाही. हे तिला माहीत असायला हवं, आणि आहे.

आणि शैलजा जैन. हे नाव आपल्या ग्रुपमधल्या किती जणांना ठाऊक आहे? नाशिकमध्ये त्यांनी कित्येक वर्षं मुलींना कबड्डी शिकवली. भारतीय संघाचं प्रशिक्षकपद मिळावं ही त्यांची इच्छा होती, ते मिळालं नाही. मग इराणनं बोलावलं. तिथल्या मुलींशी बोलता यावं म्हणून त्या फारसी शिकल्या, सरावात योगासनं आणली. 24 ऑगस्ट 2018 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला 27-24 नं हरवलं. 2010 आणि 2014 ची सुवर्णपदकं आपली होती. त्या दिवशी पराभवाच्या प्रत्येक बातमीत एका मराठी बाईचं नाव होतं. देशाविरुद्ध गेली, असा सूर तेव्हा मीही चहाच्या टपरीवर ऐकला. कुणाला हा प्रश्न पडला नाही की इतकी चांगली प्रशिक्षक आपल्याकडे रिकामी कशी होती.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. ग्रुपवर मी एवढं सगळं लिहिल्यावर एकानं विचारलं, "ते सारं बरोबर आहे भाऊ, पण ताई गेली तं पोरीइचं काय?"

हा प्रश्न खरा आहे. मी तो टाळणार नाही. ताई गेली तर संघ फुटेल. दोन-तीन मुली शाळा सोडतील, त्यांतल्या एखादीचं लग्न लावून देतील. मैदानावर संध्याकाळी गाड्या लागतील. हे होईल, मी बघितलंय, कारण सरांच्या बाबतीत हेच झालं. फक्त तिथे सर गेले नव्हते. ते दोन किलोमीटरवर होते, टिप्पर मोजत. ताई थांबली तरी तिच्या तासाचा आदेश थांबेल याची हमी कोण देतोय? मुलींचं नुकसान ताईच्या जाण्यानं होत नाही. ताईच्या जागी दुसरं कुणी यावं अशी जागाच नाही, म्हणून होतं. 2013 मध्ये अमेरिकेत बटलर नावाच्या लहानशा विद्यापीठाचे कोच ब्रॅड स्टीव्हन्स, ज्यांनी त्यांना दोनदा राष्ट्रीय अंतिम फेरीत नेलं होतं, ते बोस्टन सेल्टिक्सला गेले. लोक हळहळले. मग त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला आणि 2015 ला बटलर परत राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होतं. आपल्याकडे माणूस उठला की लक्षात येतं, खाली खुर्ची नव्हतीच. तो इतकी वर्षं उकिडवा बसला होता.

पोरांमध्ये दम नाही, असं तर कुणी म्हणूच नये. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुलं मे 2018 मध्ये एव्हरेस्टवर चढून आली. मिशन शौर्य. सरकारनं प्रशिक्षण दिलं, खर्च केला, आणि मुलांनी जगातलं सगळ्यात उंच शिखर गाठलं. मला त्याचा अभिमान आहे आणि रागही आहे. मोहिमेला पैसा सापडतो, कारण शिखरावर झेंड्याचा फोटो निघतो. रोज संध्याकाळी पाच वाजता वाजणाऱ्या शिट्टीचा फोटो निघत नाही. त्या शिट्टीसाठी कायमचं पद काढायचं म्हटलं की फाइल फिरत राहते. 2025 मध्ये आश्रमशाळांतले रोजंदारी कर्मचारी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड घेऊन बसले, तेव्हा आपल्या ग्रुपवर काय चाललं होतं ते मी मागे जाऊन शोधलं. आयपीएलचे मीम होते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे, आणि थोडं गैरसोयीचं. जाऊ नको म्हणायचा हक्क पगार देणाऱ्याला असतो, आणि तोही करार संपेपर्यंतच. आपण 140 जण आहोत. त्यातले निदान 80 कमावतात. प्रत्येकानं महिन्याला 500 रुपये काढले तर 40 हजार होतात, म्हणजे एका प्रशिक्षकाचा पगार. मी हे ग्रुपवर टाकलं. आणि लगेच सांगतो, हा खरा उपाय नाही. शाळेचा खेळाचा शिक्षक वर्गणीतून ठेवायचा असतो काय? ते सरकारचं काम आहे, तालुका क्रीडा संकुलाचं आहे, आणि ते त्यांच्याकडून करून घ्यायला लागेल, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून, ग्रामसभेत ठराव करून, आमदारांच्या दारात बसून. पण निदान तोवर आपल्या प्रेमाची किंमत 500 रुपये भरते का, ते तरी बघू म्हटलं. जोडलेले हात साठ जणांनी टाकले होते. पैशांच्या मेसेजला सात जणांनी 'हो' म्हटलं. एकानं विचारलं की करसवलतीची पावती मिळेल का.

सरांना मागच्या रविवारी फोन केला. 2022 च्या मेसेजबद्दल माफी मागायची होती, नीट जमलं नाही. ते दुसऱ्याच विषयावर बोलत राहिले. ताईच्या संघातली डावी कोपरारक्षक पाय लवकर टाकते, तिला थांबायला शिकव म्हणून सांग, म्हणाले. रविवारी टिप्पर कमी असतात, तेव्हा ते लांबून सामना बघतात म्हणे. मग मी विचारलं, ताईनं जावं का? सर म्हणाले, "ते तिलेच इचार. मले इचारून तुमी लोक काय करता?"

तिला विचारलं. ती म्हणाली, तिचं ठरलेलं नाही. मुलींच्या परीक्षा मार्चमध्ये आहेत, तोवर तरी हलता येणार नाही, अकादमी थांबायला तयार आहे का ते बघायचंय. तिनं कराराच्या कागदाचे फोटो पाठवले. मी दर सहा महिन्यांनी असले कागद वाचतो, तेवढं तरी मला येतं. नोटीसचा कालावधी तिच्यासाठी तीन महिने लिहिलाय आणि अकादमीसाठी पंधरा दिवस. त्यावर लाल खूण करून मी फोटो परत पाठवला आणि लिहिलं, हे दोन्हीकडे सारखं करून माग. खोलीचं भाडं पगारातून कापणार का, तेही लेखी घे. आणि दुखापत झाली तर इलाजाचा खर्च कोण करणार, याची ओळच कागदात नाहीये.